‘माझा भाऊ पहिल्यासारखा होईल का?’

वाचकाचं पत्र:

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी रात्री येताना मोटारसायकल घसरली. हेल्मेट नव्हतं. आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून तीन तासांनी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये. मांडीचं हाड मोडलं होतं, बीपी फार खाली गेलं होतं असं सांगतात. कागदावर ‘जीसीएस ६, ई१ व्ही१ एम४’ आणि ‘डावी बाहुली मोठी’ असं लिहिलंय. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्ताची गाठ त्याच रात्री काढली. कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. आज २३ दिवस झाले. व्हेंटिलेटर निघालाय, गळ्याला नळी आहे, झोपेची औषधं बंद होऊन ११ दिवस झाले. डोळे उघडे असतात, पण आमच्याकडे बघत नाही. चिमटा काढला की डावा हात तिथं नेतो, उजवा हलवत नाही. एक डॉक्टर थांबा म्हणतात, दुसरे फार आशा ठेवू नका म्हणतात. नातेवाईक मुंबईला हलवा म्हणतात. मेंदूसाठी महागडी इंजेक्शनं चालू आहेत. शेत विकावं का, इथवर बोलणं आलंय. तो पहिल्यासारखा होईल का? – एक बहीण

उत्तर:

ताई, नमस्कार. तेवीस दिवस आयसीयूच्या दाराशी काढूनही तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत. त्यामुळेच तुम्हाला ‘देवाच्या हातात आहे’ यापेक्षा बरंच जास्त सांगता येईल.

आधी प्रश्नाचं सरळ उत्तर. त्याला भान येण्याची शक्यता खरी आहे, मोठी आहे. अगदी पहिल्यासारखा, म्हणजे काहीही न उरता, ही शक्यता कमी आहे. उजव्या अंगाची ताकद, बोलणं, लक्ष, स्वभाव, यांपैकी कशात ना कशात कमी राहू शकते. नुसतं भान येणं आणि अगदी पहिल्यासारखं होणं, यांच्या मधे बरंच अंतर आहे. आधाराने चालणारा, आपलं आपण जेवणारा, घरच्यांना ओळखून बोलणारा माणूसही तिथंच बसतो आणि हळूहळू कामावर परतलेलाही. तो कुठे पोचेल हे आज कोणी ठामपणे सांगत असेल, तर तो त्याच्या ज्ञानापलीकडचं बोलतोय. दोन डॉक्टरांचं न जुळण्याचं कारणही बहुतेक हेच असावं: एक आजच्या पेशंटकडे बघतात, दुसरे पहिल्या रात्रीच्या कागदाकडे.

पहिल्या रात्रीचा कागद काय सांगतो ते बघू. जीसीएस ही शुद्ध किती आहे ते मोजायची मोजपट्टी १९७४ साली ग्लासगोमध्ये तयार झाली. डोळे उघडण्याला (ई) १ ते ४, बोलण्याला (व्ही) १ ते ५, हालचालीला (एम) १ ते ६ गुण. म्हणून सर्वात कमी बेरीज ३ आणि सर्वात जास्त १५. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. पण बेरजेपेक्षा तिच्या आतले आकडे बघायचे असतात. गंभीर इजेत पुढचं सर्वात जास्त सांगतो तो ‘एम’, म्हणजे हालचालीचा गुण. सांगितलेलं करतो तो ६, दुखतं तिथं हात नेतो तो ५, दुखलं की नुसता हात मागे घेतो तो ४. वेडावाकडा आखडतो तो ३, ताठ होतो तो २, काहीच नाही तो १. त्या रात्री तुमचा भाऊ ४ वर होता. आज, तुम्ही लिहिता ते बरोबर असेल, तर डाव्या बाजूने ५ वर आहे. गळ्यात नळी असताना बोलण्याचा गुण देताच येत नाही. तिथे आकड्याऐवजी ‘टी’ लिहितात. म्हणून ‘आज जीसीएस किती?’ असं विचारू नका, ‘आज एम किती, कोणत्या बाजूचा, आणि झोपेचं औषध कधी दिलं होतं?’ असं विचारा. औषधाच्या गुंगीत काढलेला आकडा इजेचा नसतो, औषधाचा असतो.

त्या रात्रीच्या बाकीच्या गोष्टींपैकी काही त्याच्या बाजूने आहेत, काही विरुद्ध. वय सर्वात भक्कम बाजूने. साधारण चाळिशीनंतर निकाल उतरत जातो, पासष्टीनंतर फारच. २७ हे चांगलं वय. डावी बाहुली मोठी होणं विरुद्ध: आत दाब वाढून मेंदू खाली सरकत होता, त्याने डोळ्याची नस दाबली. पण एकच बाहुली मोठी होती. दोन्ही प्रकाशाला दाद देत नसत्या, तर गोष्ट फार वेगळी होती. ऑपरेशननंतर ती लहान होऊन टॉर्चला दाद देऊ लागली का, हे विचारा. देत असेल, तर दाब वेळेत उतरला असं समजायला जागा आहे.

बीपी पडणं ही मात्र जड बाब. वरचं बीपी ९० च्या खाली एकदा जरी गेलं, तरी गंभीर इजेत मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, हे नव्वदच्या दशकापासून माहीत आहे. मार बसलेल्या मेंदूला त्याच वेळी रक्त आणि प्राणवायू कमी पडला, तर वाचू शकणाऱ्या पेशीही जातात. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत एक लिटरपर्यंत किंवा त्याहून जास्त रक्त जाऊ शकतं. बीपी बहुतेक त्यानेच पडलं असणार. जे झालं ते आता बदलत नाही. पण पहिल्या दवाखान्याच्या कागदांवर बीपी आणि प्राणवायूचे आकडे असतील, तर ते इथल्या डॉक्टरांना दाखवा, त्यांच्या अंदाजात त्यांना वजन आहे.

सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर तीन गोष्टी शोधा. मेंदूची मधली रेषा किती मिलिमीटर सरकली होती. ५ च्या वर गेलं की धोका वाढतो. मेंदूच्या तळाच्या पाण्याच्या जागा दिसत होत्या की दाबून बुजल्या होत्या. आणि मेंदूभोवती पातळ रक्त पसरलं होतं का. गाठ मेंदूच्या आवरणाबाहेर असली तर निकाल चांगला, आवरणाच्या आत, मेंदूला लागून असली तर तितका नाही, कारण तिथे खालचा मेंदूही बहुतेक चेचलेला असतो. आणखी एक गोष्ट सीटीवर दिसतच नाही: जोराच्या झटक्याने मेंदूतले लांब तंतू ताणून तुटणं. स्कॅन त्यामानाने बरा आणि माणूस मात्र आठवडेच्या आठवडे जागा होत नाही, तेव्हा बहुधा हेच असतं. एमआरआय ते दाखवतो. इजा वरच्या थरातच आहे, दोन अर्ध्या मेंदूंना जोडणाऱ्या पट्ट्यात आहे की खाली मेंदूच्या देठात, यावरून अंदाज पुष्कळ बदलतो. मांडीत सळी किंवा पट्टी बसवली असेल तर ती कोणत्या धातूची, हे एमआरआयवाल्यांना आधी सांगावं लागतं.

हे सगळं घालून टक्के काढणारी गणितं डॉक्टरांकडे असतात. त्यातल्या एका गणिताची कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी वेगळी आवृत्तीही आहे. ते गणित दोन गोष्टी सांगतं: १४ दिवसांत मृत्यूचा धोका आणि ६ महिन्यांनंतरची स्थिती. पहिला टप्पा तुमच्या भावाने ओलांडलाय. आणि असे टक्के शंभर सारख्या पेशंटांचे असतात, त्यातला हा कोणता ते गणिताला कळत नाही.

आता आजकडे येऊ. इथून पुढे पहिल्या रात्रीच्या कागदापेक्षा एक तारीख मोठी: सांगितलेली गोष्ट त्याने पहिल्यांदा केली तो दिवस. ती दोन आठवड्यांच्या आत आली तर कायमचं मोठं अपंगत्व सहसा राहत नाही. महिन्यानंतर आली तर पूर्ण बरं होणं कठीण होत जातं. तेविसाव्या दिवशी तुम्ही या दोन्हींच्या मधे आहात. उशिरा जागे होणाऱ्यांबद्दलचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॉमा केंद्रांतला. दोन आठवड्यांनी डोळे उघडे पण भान नाही अशा ७९ जणांपैकी ६२ जणांना वर्षभरात भान आलं. मात्र आपण कुठे आहोत, कोणता दिवस आहे हे कळण्यापर्यंत, ज्यांची माहिती मिळाली त्या ५६ पैकी १४ जणच पोचले. तिथल्यासारखं पुनर्वसन आपल्याकडे सगळ्यांना मिळत नाही, तेव्हा आकडे जसेच्या तसे धरू नका. पण पहिल्या २८ दिवसांत ‘काही होणार नाही’ असं सरसकट सांगू नये, असं अमेरिकेतल्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. दुसऱ्या डॉक्टरांशी बोलताना हे नम्रपणे जरूर विचारा.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर आम्ही थांबलो. चिमटा काढला की डावा हात तिथं जातो. हात खरोखर चिमट्याच्या जागी पोचत असेल, चारपैकी किमान दोनदा, तर तपासणीच्या प्रमाण पद्धतीत ही भान असल्याची खूण धरली जाते. म्हणजे तो ‘डोळे उघडे, आत काही नाही’ या अवस्थेच्या पुढे आलेला असू शकतो. तुम्ही स्वतः चिमटे काढू नका. न्यूरोसर्जन किंवा न्यूरोलॉजिस्टना सीआरएस-आर या, भान तपासायच्या प्रमाण पद्धतीने तपासायला सांगा. साध्या बघण्यावर भान ओळखण्यात पाचांत दोनदा चूक होते, असं दिसून आलंय. शिवाय एकाच तपासणीवर भिस्त ठेवू नये. दोन आठवड्यांत, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, किमान पाच वेळा बघावं लागतं, कारण अशा पेशंटची जाग येत-जात राहते.

घरच्यांनी करायची गोष्ट वेगळी आहे आणि ती तुमच्याइतकी चांगली कोणी करणार नाही. इजा डाव्या बाजूची आहे. बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते. त्यामुळे तो जागा असूनही शब्द समजत नसतील, असं होऊ शकतं. नुसत्या तोंडी सांगण्यावरून निष्कर्ष काढू नका. सांगताना करूनही दाखवा. ‘हात दाब’ ही परीक्षा सगळे घेतात आणि सगळे फसतात, कारण तळव्याला काही लागलं की मूठ आपोआप मिटते. त्याऐवजी डाव्या हाताचा अंगठा वर करायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा. आधी मिनिटभर काही न बोलता बघा, तो आपणहून काय काय हलवतो ते; नाहीतर योगायोगाची हालचाल उत्तर वाटते. मग तीच आज्ञा चार वेळा, प्रत्येक वेळी पंधरा सेकंद थांबून. चारांत तीनदा केलं तर लिहून ठेवा. नजरेसाठी हातातला आरसा वापरा: चेहऱ्यापासून साधारण चार ते सहा इंचांवर धरून हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्या. जो माणूस तुमच्या बोटामागे बघत नाही, तो कधीकधी स्वतःच्या चेहऱ्यामागे बघतो. एका वहीत तारीख, वेळ, काय केलं, त्याआधी कोणतं औषध दिलं होतं, एवढं लिहा. परवानगी असेल तर मोबाइलवर चित्रण करून राउंडला दाखवा. एका वेळी एकच माणूस, टीव्ही बंद, दहा मिनिटं पुरे. दिवसभर सगळ्यांनी आळीपाळीने हाका मारल्या तर तो थकून मिटून जातो.

जाग आल्यावर लगेच शहाणा माणूस परत मिळत नाही. मधे काही दिवस किंवा आठवडे तो गोंधळलेला असेल: शिव्या देईल, नळ्या ओढेल, आईला ओळखणार नाही, सकाळी आलेला माणूस संध्याकाळी विसरेल. पुष्कळ घरं इथं कोलमडतात. हा सुधारणेतलाच टप्पा आहे, त्याचा खरा स्वभाव नव्हे. दिवसादिवसाच्या आठवणी सलग राहू लागतात तो दिवस ही वहीतली दुसरी मोठी तारीख. अपघातापासून दोन महिन्यांच्या आत ती आली तर मोठं परावलंबित्व सहसा राहत नाही. तीन महिन्यांपलीकडे गेली तर पूर्ण बरं होणं कठीण. या काळात हातपाय बांधण्यापेक्षा जाड हातमोजे, कमी उजेड, कमी माणसं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात दिनांक, गावाचं आणि हॉस्पिटलचं नाव. शांत करायला हॅलोपेरिडॉल किंवा डायझेपामसारखी औषधं रोज चालू झाली तर ‘दुसरं काही देता येईल का’ असं विचारा. ती सुधारणा लांबवू शकतात.

आता जे बिघडू शकतं ते. निकाल जितका पहिल्या रात्री ठरतो, तितकाच पुढच्या महिन्यांत अशा साध्या गोष्टींनी बिघडतो.

सर्वात महत्त्वाचं: सुधारत असलेला माणूस थांबला किंवा मागे गेला, तर ‘त्याची मजल इथवरच’ हे लगेच मान्य करू नका. कारण शोधायला सांगा. मेंदूतलं पाणी साठू लागतं. हाड काढलेली जागा फुगते, घट्ट लागते, गुंगी वाढते. नवा सीटी लागतो आणि पाणी उतरवायला नळी बसवली की माणूस पुन्हा वर येऊ शकतो. उलट ती जागा फार आत खचली तरी माणूस सुस्तावतो. तेव्हा हाड लवकर परत बसवण्याचा विचार होतो. ते एरवीही काही आठवडे ते काही महिन्यांनी, सूज उतरल्यावर, संसर्ग नसल्याची खात्री करून बसवतात. रक्तातलं सोडियम कमी झालं, छातीत किंवा लघवीत संसर्ग झाला, बाहेर न दिसणारी फिट चालू राहिली, तरी हेच दिसतं. अशी फिट ओळखायला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, लागते. फिटचं औषध फिट येऊ नये म्हणून पहिले सात दिवस देतात. फिट कधी आलीच नसेल तर ते अजून का चालू आहे, हे विचारा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

अधूनमधून एकदम घामाने भिजणं, नाडी आणि बीपी चढणं, ताप, अंग ताठणं, असं होत असेल आणि संसर्ग सापडत नसेल, तर ते मेंदूच्या इजेमुळे येणारं वादळ असू शकतं. त्यावर वेगळी औषधं आहेत. नुसती अँटिबायोटिक बदलत बसून उपयोग नाही.

दर दोन तासांनी कूस बदलणं. हाड काढलेल्या डाव्या बाजूवर मात्र कधीच नाही. उशीला बाजूची चिठ्ठी लावा, कारण पाळी बदलली की नवीन मावशींना माहीत नसतं. माकडहाड, टाचा, कान आणि डोक्याची मागची बाजू रोज बघा. दाबल्यावर न जाणारी लाली दिसली की जखमेची सुरुवात झाली. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंश वर, नळीने खाऊ घालताना आणि नंतर तासभरही. वजन दर आठवड्याला विचारा. अशा पेशंटला रोज किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. नुसत्या भाताच्या पेजेने आणि डाळीच्या पाण्याने तो झडतो. आहारतज्ज्ञांकडून मोजून तक्ता घ्या. फिजिओथेरपिस्टकडून शिकून दिवसातून दोनदा प्रत्येक सांधा हलवा, घोटा काटकोनात राहील असा आधार लावा. उजवा हात धरून कधीही ओढू नका, लुळ्या बाजूचा खांदा निसटतो. कोपर किंवा खुबा गरम होऊन सुजला आणि वळेनासा झाला तर जोर लावू नका, तिथे नवीन हाड धरत असू शकतं. पोटरी सुजली तर त्याच दिवशी सांगा.

महागड्या इंजेक्शनांबद्दल. सिटिकोलिन असेल तर २०१२ मध्ये १,२१३ पेशंटांवर नीट चाचणी झाली आहे; रोज २ ग्रॅम, ९० दिवस देऊनही फायदा दिसला नाही. डुकराच्या मेंदूपासून बनवलेली इंजेक्शनंही मिळतात. त्यांचाही ठाम पुरावा नाही. स्टेरॉइड मेंदूची सूज उतरवायला देत असतील तर जरूर प्रश्न करा: दहा हजार पेशंटांच्या चाचणीत त्याने मृत्यू वाढले. २०१२ मध्ये सुधारणेचा वेग वाढवताना दिसलेलं औषध आहे अमँटाडिन. गोळी आहे, त्यामानाने स्वस्त आहे, आणि चाचणीत इजेनंतर ४ ते १६ आठवड्यांनी सुरू केली होती. तुमच्या भावाचा चौथा आठवडा चालू आहे, म्हणून हा प्रश्न पुढच्याच राउंडला विचारा. फिट, मूत्रपिंड आणि बाकीची औषधं बघून डॉक्टर ठरवतील. मूळपेशींच्या (स्टेम सेल) उपचारावर एक रुपयाही घालू नका.

मुंबईला हलवायचं का? ऑपरेशन झालंय, श्वास स्वतःचा आहे. आता त्याला मोठ्या नावाच्या आयसीयूपेक्षा पुनर्वसनाची गरज जास्त. ताप आणि फिट आटोक्यात आल्यावर हलवा, जिथे फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी रोज मिळेल अशा ठिकाणी. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे आधी कागद घेऊन एकाने जाऊन बोलून यावं. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलण्यासाठी नसतात. गळ्याची नळी आणि नाकातली नळी काढण्याआधी गिळणं तपासायला तेच लागतात. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो, पण दोन वर्षं आणि पुढेही भर पडत राहते. पैसा त्या हिशेबाने राखायचा आहे.

म्हणून शेताचा निर्णय आज नको. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा, पुढे हाड बसवण्याच्या ऑपरेशनसाठीही. मे २०२५ पासून रस्ते अपघातात पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत रोखरहित उपचाराची केंद्राची योजना आहे. हॉस्पिटल त्यात आहे का, आणि ती लावली गेली होती का, बिल विभागात विचारा. अपघातात दुसऱ्या वाहनाचा हात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडचा अर्ज कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत करायचा असतो; एफआयआरची प्रत आणि पंचनामा आत्ताच मागून घ्या. वाहन नुसतं घसरलं असेल तर त्याच्या विमा पॉलिसीत मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का ते बघा.

आणि शेताच्या सातबाऱ्यावर भावाचं नाव असेल तर कोणाच्याही सांगण्यावरून बेशुद्धीत त्याचा अंगठा उठवू नका. तो व्यवहार टिकत नाही आणि तुम्ही अडचणीत येता. त्याच्या नावाने मुखत्यारपत्रही आता करता येत नाही. त्याचं बँक खातं किंवा जमीन हाताळायची वेळच आली, तर उच्च न्यायालय वैद्यकीय अहवाल बघून जवळच्या नातेवाईकाला पालक नेमू शकतं. त्यासाठी वकील लागेल. खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.